थाप ऐकणाऱ्याचे मौन : झपाटलेल्या घराच्या चित्रपटाचा एक अन्वय

१

झपाटलेल्या घराविषयीच्या चित्रपटांची समीक्षा दीर्घकाळ एका प्रश्नाभोवती फिरत राहिली : दिसणारे भूत खरे मानायचे, की तो पाहणाऱ्या पात्राच्या मनाचा खेळ मानायचा? हा प्रश्न चित्रपटाने साहित्यसमीक्षेकडून घेतला. हेन्री जेम्स यांच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) या दीर्घकथेतील भुते ही दाईच्या दमित मनाची निर्मिती आहेत, असे एडमंड विल्सन यांनी १९३४ मध्ये मांडले. पुढे १९७० मध्ये त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी अद्भुताची व्याख्या करताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील वाचकाच्या दोलायमानतेलाच त्या साहित्यप्रकाराचे लक्षण ठरवले. गेल्या दोन-तीन दशकांत या प्रश्नाची जागा एका उत्तराने घेतली आहे. भूत म्हणजे कुटुंबात गाडला गेलेला आघात, हे ते उत्तर. ते आता इतके सर्वमान्य झाले आहे, की पुष्कळदा चित्रपटाचे विश्लेषण तेथेच थांबते.

हे उत्तर चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. 'आघात झाला' आणि 'आघात केला' या दोन वाक्यांत मराठी व्याकरण जो भेद करते, तो येथे महत्त्वाचा आहे. पहिल्या वाक्याला कर्त्याची गरज नाही, दुसऱ्याला आहे. भूत म्हणजे आघात असे म्हटले, की आपण नकळत पहिल्या वाक्याच्या बाजूला जातो. या परंपरेतील महत्त्वाच्या कलाकृती मात्र दुसऱ्या वाक्याकडे वळतात, आणि त्यात एका तिसऱ्या माणसाची भर घालतात : ज्याला चाहूल लागली होती आणि तरीही जो उठला नाही. या चित्रप्रकारातील भयाचे केंद्र घडून गेलेल्या दुःखापेक्षा या तिसऱ्या माणसाच्या मौनात आहे, आणि त्या मौनाच्या जागा कशा बदलत गेल्या हाच त्याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

२

जॅक क्लेटन यांचा 'द इनोसन्ट्स' (१९६१) हा जेम्स यांच्या कथेवर विल्यम आर्चिबाल्ड यांनी लिहिलेल्या नाटकावरून घेतलेला चित्रपट. रुंद पडद्याच्या कडा काळवंडून टाकणारे फ्रेडी फ्रान्सिस यांचे छायाचित्रण आणि डेबोरा कार यांचा अभिनय यांमुळे दोलायमानतेचा तो आदर्श नमुना ठरला. परंतु ही दोलायमानता ज्या व्यवस्थेतून उद्भवते, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. अनाथ मुलांचा काका लंडनमध्ये राहतो आणि दाईला नेमताना एकच अट घालतो : काहीही झाले तरी त्याला तसदी द्यायची नाही. ब्लाय येथील वाड्यात पूर्वी काय चालत असे, हे घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोस यांना ठाऊक आहे. पण त्या ते तुटक-तुटक आणि नाइलाजानेच सांगतात. म्हणजे भूत आहे की नाही हे ठरण्यापूर्वीच 'न कळवणे' हा या घराचा नियम ठरलेला आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला दाई आहे. मृताचे नाव उच्चारले की मुलगा मुक्त होईल या विश्वासाने ती माइल्सला बोलायला भाग पाडते, आणि मुलगा मरतो. मौन मोडण्याची सक्ती हीदेखील हिंसा ठरू शकते, हे या चित्रपटाने आरंभीच नोंदवून ठेवले आहे.

रॉबर्ट वाइज यांच्या 'द हॉन्टिंग' (१९६३) मध्ये मौनाची जागा बदलते. शर्ली जॅक्सन यांच्या कादंबरीवर (१९५९) आधारलेल्या या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. ऐकू येतात त्या भिंतीवरच्या आणि दारावरच्या थापा. नायिका एलेनॉर हिने कादंबरीनुसार अकरा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा केली आहे. आई भिंतीवर थाप मारून तिला बोलवीत असे. ज्या रात्री आई गेली, त्या रात्रीही थाप पडली होती. एलेनॉर उठली नाही. हिल हाउसमधल्या पहिल्या रात्री भिंत दणाणू लागते, तेव्हा अर्धवट झोपेत ती आईलाच उत्तर देते. येथे चित्रपटाने एक अर्थपूर्ण योजना केली आहे. आरंभी सांगितलेल्या घराच्या पूर्वेतिहासातही हीच घटना आहे : म्हातारी अॅबिगेल काठीने भिंत ठोठावीत राहते, तिची सोबतीण मात्र एका गड्याबरोबर बाहेर रमलेली असते, आणि म्हातारी मरते. घराचे पाप आणि एलेनॉरचे पाप आकाराने एकच आहे. म्हणूनच ते घर तिला ओळखते आणि बोलावते.

फ्रॉइड यांनी १९१९ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते, की 'घरगुती' या अर्थाच्या जर्मन शब्दातच 'लपवलेले' हा अर्थ दडलेला आहे, आणि भयावहता म्हणजे लपून राहायला हवे होते ते उघड्यावर येणे. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, ही आपल्याकडची शिकवणही हेच दोन अर्थ एकत्र बांधते. वाइज यांनी या विचाराला नैतिक परिमाण दिले. एलेनॉरने काही केले नाही, एवढेच तिने केले. कायद्याला या कृतीचे नाव ठाऊक नाही; घराला आहे.

३

१९८० हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षणीय आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकृतीला स्वतंत्र स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी स्टॅन्ली क्युब्रिक यांचा 'द शायनिंग' प्रदर्शित झाला. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. पण आघात ही संकल्पना निदानाच्या भाषेत स्थिरावत असतानाच त्याच्या कर्त्याला पडद्यावरून नजरेआड होऊ न देणारी एक कलाकृती पुढे आली, हा योग बोलका आहे.

'द शायनिंग'मधील ओव्हरलूक हॉटेलात भुते उदंड आहेत; परंतु कुटुंबातील मूळ घटना हॉटेलात पाऊल ठेवण्यापूर्वीची आहे. जॅक टॉरन्स याने दारूच्या अमलात लहानग्या डॅनीचा खांदा निखळवला आहे. ही हकिगत आपल्याला दोनदा ऐकायला मिळते. प्रथम त्याची पत्नी वेंडी डॉक्टरीणबाईंना ती सांगते : असे घडून जाते, त्या दिवसापासून नवऱ्याने दारू सोडली, आता पाच महिने झाले. पुढे जॅक स्वतः हॉटेलातील भुताटकीच्या दारूवाल्याला ती सांगतो : तो क्षणभराचा तोल जाणे होते, आणि त्याला तीन वर्षे उलटली. दोन निवेदनांतील काळाची ही तफावत म्हणजे या कुटुंबाची सत्यकथा आहे. वेंडीचे बोलणे खोटे नाही. ते सावरून घेणारे आहे. घर वाचवण्यासाठी ती जे शब्द निवडते, त्यांतच पुढील हिवाळ्याची तरतूद होऊन जाते.

संहितेच्या अभ्यासकाने येथे एका तपशिलाची दखल घ्यायला हवी. अमेरिकेबाहेर प्रदर्शनासाठी क्युब्रिक यांनी सुमारे १४४ मिनिटांचा हा चित्रपट सुमारे ११९ मिनिटांवर आणला, आणि त्या आवृत्तीतून डॉक्टरीणबाईंचा प्रसंग गेला. परिणामी आखूड आवृत्तीच्या प्रेक्षकासमोर मारणाऱ्याची साक्ष उरते, पाहणारीची नाहीशी होते. दोन्ही आवृत्त्या दिग्दर्शकाच्याच असल्याने त्यांपैकी एकीला अस्सल ठरवण्याचे कारण नाही. पण कुटुंबाच्या इतिहासातून नेमकी कोणाची साक्ष गळते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

याच सुमारास फ्रान्समध्ये निकोला अब्राहम आणि मारिया तोरोक यांच्या लेखनाचा संग्रह (१९७८) प्रसिद्ध झाला होता. माणसाला छळणारे भूत हे मृताचे नसते, तर दुसऱ्याच्या गुपिताने आपल्यात ठेवलेल्या रित्या जागेचे असते, हे त्यातील भूतविषयक सिद्धान्ताचे सार. आपल्या विवेचनात या सिद्धान्ताचे मोल असे, की तो दमन व्यक्तीच्या मनातून काढून पिढ्यांमधील व्यवहारात नेतो. मात्र गुपित आपोआप उतरत नाही. ते कोणीतरी राखावे लागते. आघाताच्या पुढच्या समीक्षेत हे 'राखणे' हळूहळू दुर्लक्षित झाले.

४

किम जी-उन यांचा कोरियन चित्रपट 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३) या राखण्याचे सर्वांत सूक्ष्म चित्रण करतो. त्याच्या मुळाशी जोसॉन राजवटीच्या काळातील जांगह्वा आणि होंगन्योन या बहिणींची लोककथा आहे. सावत्र आईच्या कारस्थानाने दोघी तळ्यात जीव गमावतात. त्यांची भुते नव्याने आलेल्या प्रत्येक न्यायाधिकाऱ्यापुढे उभी राहतात. भीतीने एकामागून एक अधिकारी मरतात. शेवटी एक धीट अधिकारी त्यांचे म्हणणे ऐकून घेतो आणि सावत्र आईला शिक्षा होते. म्हणजे लोककथेतील भूत हे फिर्यादी आहे, आणि ऐकून घेणारा सापडला की त्याचे काम संपते. १९२४ पासून ही कथा कोरियन पडद्यावर वारंवार आली आहे.

किम यांनी या कथेतून न्यायाधिकारीच काढून टाकला. मनोरुग्णालयातून घरी परतलेली सू-मी, तिची धाकटी बहीण सू-योन, सावत्र आई उन-जू आणि जवळजवळ न बोलणारा बाप एवढीच माणसे उरतात. चित्रपट पुढे सरकतो तसे कळते, की सू-योन कधीच मेलेली आहे आणि जी सावत्र आई आपण पाहत होतो, ती बहुतांशी सू-मीनेच स्वतःच्या मनात उभी केलेली आहे. मनोरुग्ण नायिकेच्या भ्रमाचा हा उलगडा येथेच थांबला असता, तर चित्रपट चातुर्याच्या पातळीवरच राहिला असता. पण शेवटी आपल्याला मूळ दिवस दाखवला जातो. आईने कपाटात गळफास घेतला आहे. तिला ओढून काढू पाहणाऱ्या सू-योनच्या अंगावर ते कपाट कोसळते. आवाज ऐकून उन-जू वर येते, कपाटाखाली हलणारा हात पाहते आणि मागे फिरते. क्षणभराने ती पुन्हा वळते, तोच समोर सू-मी येते. सू-मी रागाने तिला टोचून बोलते. उन-जू तिला एवढेच बजावते, की या क्षणाचा तुला पश्चात्ताप होईल. सू-मी तावातावाने घराबाहेर चालू लागते.

या प्रसंगात खून नाही. मदतीला वळू पाहणारी एक बाई आहे, आणि तिला वळू न देणारा एक मुलीचा राग आहे. तोही अकारण नाही. दोष दोघींत विभागलेला आहे, परंतु समान नाही : एकीला माहीत होते, दुसरीला नव्हते. सू-मीच्या भ्रमाची रचना याच विभागणीतून झालेली आहे. बहिणीला जिवंत ठेवणे आणि सावत्र आईला राक्षसीण करून तिला स्वतःतच वागवणे, ही न्यायाधिकारी नसलेल्या घरात एका मुलीने चालवलेली चौकशी आहे. फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार तीच असल्याने निकाल कधीच लागत नाही.

५

अॅरी अॅस्टर यांच्या 'हेरेडिटरी' (२०१८) या चित्रपटाला आघातवादी वाचनाने मोठा मान दिला. आईच्या मृत्यूनंतर दुःखितांच्या एका गटात अॅनी आपल्या घराण्याचा पाढा वाचते : उपाशी राहून मेलेला बाप, गळफास घेतलेला भाऊ, भ्रमिष्ट आई. वारसा आणि रोग येथे एकरूप होतात. तथापि चित्रपटाचा सर्वांत असह्य प्रसंग या यादीत बसत नाही. अपघातात धाकटी बहीण मरते. गाडी चालवणारा पीटर मागे वळून पाहत नाही, प्रेत मागच्या आसनावर तसेच ठेवून घरी येतो आणि अंथरुणात शिरतो. सकाळी त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिर असताना बाहेरून आईचा आक्रोश ऐकू येतो. एलेनॉरची न उठण्याची रात्र येथे नव्या निर्घृणतेने परत आली आहे.

पुढे मात्र सगळ्याची सूत्रे आजीच्या पंथाकडे होती, असे उघड होते. मग पीटरचे मौन हे त्याचे उरत नाही. शापाने माणसांना सोडवले, पण त्या सुटकेत त्यांची जबाबदारीही गेली. कर्त्यावाचूनचा आघात ही भाषा तिच्या तार्किक टोकाला नेली, की ती दैववादाला जाऊन मिळते, हे या चित्रपटाच्या उत्तरार्धातून दिसते.

विशाल फुरिया यांचा मराठी चित्रपट 'लपाछपी' या तुलनेत ओबडधोबड वाटेल. उसाच्या फडात लपलेले घर, आश्रयाला आलेली गर्भवती नायिका, मायेने वागणारी यजमानीण आणि अवतीभवती खेळणारी मुले ही त्याची सामग्री. आपल्याकडील पिशाच्चांची नावे बहुधा अपुऱ्या राहिलेल्या संस्कारावरून वा अवस्थेवरून पडतात : मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ. या नावांत मरण्याची अवस्था आहे, मारणारा नाही. 'लपाछपी'तील भुते मात्र मुलगी नको म्हणून झालेल्या हत्यांचा हिशेब मागतात, आणि त्या हत्या करणारी व झाकणारी माणसे त्याच छपराखाली सापडतात. यजमानीण स्वतः त्या व्यवस्थेची बळी आहे आणि राखणदारही. ही दुहेरी जागा चित्रपटाने नाकारली नाही, हे त्याचे श्रेय.

नॅटली एरिका जेम्स यांच्या 'रेलिक' (२०२०) मध्ये या इतिहासाला एक वेगळे वळण मिळते. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली एडना, अनेक आठवड्यांत फोन न केलेली तिची मुलगी के आणि नात सॅम अशा तीन पिढ्या एका बुरशी चढलेल्या घरात आहेत. एके काळी याच आवारातील झोपडीत एक पूर्वज दुर्लक्षित अवस्थेत मेला आणि त्या झोपडीची रंगीत काच आता घराच्या दाराला बसवली आहे. न उठण्याचे पाप येथे अक्षरशः घराच्या बांधणीत शिरलेले आहे. शेवटी माय-लेकींना पळून जाण्याची वाट मोकळी होते. के मात्र मागे फिरते, ओळखू न येणाऱ्या आईला उचलून अंथरुणावर नेते आणि तिच्या शेजारी पडून राहते. तिच्या पाठीवर उमटलेला काळा डाग सॅमला दिसतो. वारसा टळत नाही. वागणे तेवढे बदलते.

'द हॉन्टिंग'पासून 'रेलिक'पर्यंतच्या सत्तावन्न वर्षांत भुताच्या खरेपणाचा प्रश्न सुटला नाही, आणि तो सुटण्याची आवश्यकताही उरली नाही. थाप खरी होती की भासाची, याहून ती ऐकल्यावर कोण उठले, हा प्रश्न या चित्रप्रकाराने अधिक चिकाटीने विचारला आहे. आघाताची परिभाषा समीक्षेला उपयोगाची आहे, परंतु 'झाला' या क्रियापदावर समाधान मानल्यास ती घराण्याच्या जुन्या शिस्तीचीच री ओढेल. गोष्ट मग पुन्हा उंबऱ्याच्या आत राहील, फक्त अधिक विद्वत्तापूर्ण शब्दांत.