पापलेटाचें नांव

मासळीबाजारांत पापलेट ओळखण्यास विद्वत्तेची गरज पडत नाहीं. चपटें रुपेरी अंग, लहानसें तोंड आणि खोल दुभंगलेली शेपटी पाहिली कीं घरांतील मुलेंहि त्याचें नांव सांगतात. शास्त्रज्ञांना मात्र आपल्या किनाऱ्यावरील या माशाचें नांव ठरविण्यास दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला.

1788 सालीं बेंग्ट आंडर्स युफ्रासेन या स्वीडिश निसर्गाभ्यासकानें चीनच्या किनाऱ्यावर, कँटनच्या जलमार्गांतील बोका टायग्रिस येथें मिळालेल्या एका माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्यास अर्जेंटियस, म्हणजे रुपेरी, असें नांव दिलें. पुढें 1829 सालीं पॅरिसचा सुविख्यात प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यानें भारताच्या समुद्रांतील पापलेटास कँडिडस, म्हणजे शुभ्र, असें निराळें नांव दिलें. परंतु तें टिकलें नाहीं. दोन्ही मासे डोळ्यांना सारखेच दिसत. तेव्हां कँडिडस हें अर्जेंटियसचेंच दुसरें नांव ठरलें, आणि इराणच्या आखातापासून जपानपर्यंत एकाच जातीचें पापलेट पोहतें असें ग्रंथांतून छापलें जाऊं लागलें.

याबद्दल ग्रंथकारांना फारसा दोष देतां येत नाहीं. समुद्राला कुंपण नसतें. माशांचीं अंडीं व पिलें प्रवाहाबरोबर वाहतात. तेव्हां दूरदूरच्या माशांतहि रक्तसंबंध चालू असणारच, अशी समजूत होती. शिवाय युफ्रासेननें पाहिलेला मूळ नमुना कालांतरानें नाहींसा झाला. आपल्याकडील मासा ताडून पाहावयाचा तरी कशाशीं? हलव्याची गोष्ट वेगळी. त्याला बाजारांत काळें पापलेट म्हणत असले तरी तो निराळ्या कुळाचा आहे, हें नुसत्या शरीररचनेवरूनच कळलें. येथें डोळ्यांचा इलाज चालेना.

तो चालला डीएनएच्या अक्षरांवर. 2003 सालीं कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनीं एक रीत सुचविली. प्राण्यांच्या पेशींतील तंतुकणिकांमध्यें थोडें स्वतंत्र डीएनए असतें. त्यांतील एका ठराविक जीनचीं सुमारें 650 अक्षरें वाचून जात ओळखावी, अशी ही रीत. हीं अक्षरें आईकडून पिलांकडे उतरतात, आणि उतरतां उतरतां क्वचित् एखादें बदलतें. दोन समूहांत बेटीव्यवहार चालू असेल तर तो बदल दोहोंकडे पसरतो. तो तुटला कीं प्रत्येकाचे बदल त्याच्यापाशींच सांचत जातात. बाह्य रूप तसेंच राहिलें तरी हा हिशेब थांबत नाहीं.

या कसोटीला लावतांच पूर्वेकडील व भारताकडील पापलेटें निरनिराळीं निघालीं. 2013 सालीं चिनी संशोधकांनीं अर्जेंटियसचें नव्यानें वर्णन करून हरवलेल्या नमुन्याच्या जागीं दुसरा नमुना ठरवून दिला. त्यामुळें तुलनेला आधार मिळाला. 2019 सालीं आपल्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेच्या संशोधकांनीं उत्तर हिंदी महासागरांतील पापलेटाचें फेरवर्णन प्रसिद्ध केलें, आणि क्यूव्हिएचें कँडिडस हें टाकून दिलेलें नांव पुन्हा उभें राहिलें. मधल्या काळांत जगाच्या डीएनए-संग्रहांत अर्जेंटियसच्या चिठ्ठीखालीं भलत्याच पापलेटांचीं अक्षरें जमा झालीं होतीं, तो घोळ निराळाच.

ही सारी पंडितांची उठाठेव वाटेल. पण तिचा संबंध सातपाटीच्या कोळ्यांच्या जाळ्याशीं येतो. पापलेट वयांत केव्हां येतें, अंडीं केव्हां व किती घालतें, यांचीं चिनी समुद्रांतील मोजमापें इकडे आणून लहान मासळी धरण्याचे नियम ठरवितां येत नाहींत. आणि जात एकच मानली तर अरबी समुद्रांतील पापलेट घटलें तरी ती दूरवर पसरलेली आहे, असें समाधान मानण्यास जागा राहते. जात निराळी असल्यावर चीनकडील पापलेटें कितीहि वाढलीं तरी तीं इकडची तूट भरून काढणार नाहींत.

2023 सालीं महाराष्ट्र शासनानें पापलेटास राज्यमासा म्हणून घोषित केलें. त्या घोषणेच्या वृत्तांतून शास्त्रीय नांव छापलें गेलें तें अर्जेंटियस, युफ्रासेननें चीनच्या माशाला दिलेलें.