वादळानंतरचे आभारगीत

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पापडीतील एका घराच्या ओसरीवर आम्ही सात-आठ जण सिंफनी ऐकावयास बसलो होतो. मंडळी म्हणाल तर अशी: दोघे जुन्या गायकवृंदातील, लहानपणी लॅटिन मिस्सा तोंडपाठ गायिलेले, एक निवृत्त शिक्षिका, एक केळीचे बागायतदार, ज्यांना सारे काका म्हणतात, आणि उरलेले आमच्यासारखे हौशी. ‘आम्हांला त्यातले काही कळत नाही,’ हे वाक्य तबकडी लागण्यापूर्वीच तीन वेळा बोलून झाले होते.

ऐकावयाची होती ती बीथोव्हनची सहावी सिंफनी, ‘पास्टोरल’. सिंफनी म्हणजे शब्दांचा आधार न घेता मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली दीर्घ कृती. बहुधा तिचे चार भाग असतात. या सिंफनीचे पाच आहेत आणि प्रत्येकाला रचनाकाराने मथळा दिला आहे: गावाकडे येताच मनात जागणारा आनंद, ओढ्याकाठचा देखावा, खेडुतांचा आनंदमेळा, मेघगर्जना व वादळ, आणि अखेरीस मेंढपाळाचे गीत, म्हणजे वादळ सरल्यानंतरच्या आनंदी व कृतज्ञ भावना. हे मथळे वाचून दाखविताच काका म्हणाले, “मग हे आपल्याच वाडीतले की!”

ही रचना प्रथम ज्या संध्याकाळी लोकांपुढे आली तिचा वृत्तान्त वाचला म्हणजे आपला संकोच पुष्कळसा ओसरतो. तारीख २२ डिसेंबर १८०८. नाताळ तीन दिवसांवर आलेला. व्हिएन्नातील एका नाट्यगृहात बीथोव्हनने आपल्या नव्या रचनांचा जलसा ठेवला होता. आज जगभर वाजणारी पाचवी सिंफनी आणि ही सहावी, दोन्ही त्याच रात्री प्रथम जाहीरपणे वाजल्या. आमच्या वाचकांना कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याच कार्यक्रमात बीथोव्हनच्या सी मेजरमधील मिस्सातील ‘ग्लोरिया’ आणि ‘सांक्तुस’ हे भागही गायिले गेले. उपासनेचे संगीत नाट्यगृहात त्या नावाने जाहीर करण्याची सोय नव्हती, म्हणून ‘लॅटिन शब्दांचे स्तोत्र’ अशा आडवळणाने त्यांचा उल्लेख झाला. आमच्या दोघा गायकांना हे सांगितले, तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले. सिंफनी त्यांच्या ओळखीची नव्हती. परंतु तिच्या शेजारी बसलेली ही दोन स्तोत्रे, निदान त्यांचे शब्द, त्यांच्या जिभेवरचे होते.

त्या रात्री श्रोत्यांत राइखार्ट नावाचा एक जर्मन संगीतकार होता. साडेसहापासून साडेदहापर्यंत, कडाक्याच्या थंडीत तो एका सरदाराच्या राखीव कक्षात बसून राहिला, आणि चांगल्या गोष्टीचाही अतिरेक होऊ शकतो असे त्याने पुढे लिहून ठेवले. ‘पास्टोरल’मधील कल्पनांचे त्याने कौतुक केले, पण एवढी एकच रचना राजदरबारच्या संबंध मैफलीहून लांबते हेही नमूद केले. शेवटच्या रचनेत तर वादक मध्येच चुकले आणि ती थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. सणाच्या मिस्साला आमचा गायकवृंद अडखळला तर रविवारभर त्याची चर्चा करणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

हे संगीत आपल्या मुलखात पारशी घरांतून आले तसे ख्रिस्ती घरांतूनही आले. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा होती. त्या शाळांत तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईस आले. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हा त्यात असे गोवेकर वादक होते. मेहलींचे चिरंजीव झुबिन घरातील तालमी आणि तबकड्या ऐकत वाढले. अठराव्या वर्षी, १९५४ साली, ते व्हिएन्नाला गेले आणि तेथे कार्ल ब्यूम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिंफनी त्यांनी प्रत्यक्ष ऐकली. त्या वाद्यवृंदाचा नाद आयुष्यभर आपल्या कानांत आदर्श म्हणून राहिला, असे ते सांगत आले आहेत. ज्या घरात रात्रंदिवस हेच संगीत चालत होते, त्या घरच्या मुलालाही प्रत्यक्ष नादाने असे हलविले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

मजोर्डे गावच्या अँथनी गोन्साल्विस यांची कथा आपल्या अधिक जवळची. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख, मुलगा हिंदी चित्रपटांचा वादक आणि संगीत-संयोजक. १९५८ साली त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. शंभरावर वादक आणि त्यांच्या साथीला लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासारखे आवाज असा तो प्रपंच होता. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात राग आणि हार्मनी यांची गाठ घालणाऱ्या त्यांच्या रचना वाजल्या. हा प्रयोग फार काळ चालला नाही. त्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते मात्र त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांतांसह संगीत दिलेल्या १९७७ च्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यामुळे!

चित्रपटांनी दुसरेही एक काम केले. ‘छाया’ या १९६१ च्या चित्रपटात सलील चौधरींनी तलत महमूद आणि लता यांच्याकडून गाऊन घेतलेले एक गीत मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या आरंभावर बेतलेले आहे. ज्यांना मोझार्ट कळत नव्हता, ते तो गुणगुणत होते.

‘कळत नाही’ या तक्रारीला आमच्याकडे सर्वांत चांगले उत्तर वॉल्टर कौफमन यांचे आहे. हे ज्यू संगीतकार १९३४ साली मध्य युरोपातून मुंबईस आले, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत येथे राहिले. आकाशवाणीच्या प्रसिद्ध संकेतधूनचे श्रेय सामान्यतः त्यांनाच देतात. भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी प्रथम ऐकल्या, तेव्हा त्यांना ते अगदी परके आणि अनाकलनीय वाटले होते. परंतु लक्षावधी माणसे ज्यावर प्रेम करतात त्यात दोष कसा असेल, दोष आपल्याच कानांत असला पाहिजे, असा विचार करून ते त्या संगीताच्या जन्मभूमीत आले. आम्ही उलट दिशेने तेवढाच प्रवास करावयाचा, आणि तोही ओसरीवर बसून.

तबकडी लागली. पहिल्या भागात एकच लहान स्वरपंक्ती पुन:पुन्हा येत राहते. बाईंना ती वाडीतल्या रहाटासारखी वाटली, आम्हांला मात्र थोडी कंटाळवाणी. ओढ्याच्या भागाच्या शेवटी बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट यांतून अनुक्रमे नाइटिंगेल, लावा आणि कोकीळ बोलतात. क्लॅरिनेट लग्नाच्या बँडमधून आपल्या परिचयाचे. त्याला इतक्या हळुवारपणे बोलताना आम्ही प्रथमच ऐकले. एका गायकाने डोळे मिटून घेतले होते. ते झोपले असावेत असा आमचा समज होता, पण त्यांच्या बोटांचा ताल चालू होता.

तिसरा, चौथा आणि पाचवा भाग न थांबता एकमेकांत शिरतात. खेडुतांचा नाच ऐन रंगात असताना खर्जातील तारा गुरगुरू लागतात, व्हायोलिनमधून थेंब पडतात आणि मग टिंपनी नगारे कडाडतात. संपूर्ण रचनेत हे नगारे केवळ या एकाच भागात वाजतात. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. चार मिनिटांत वादळ दूर गेले, ओबोवर एक संथ, प्रार्थनेसारखी ओळ आली, बासरी एकेक पायरी वर चढली आणि मेंढपाळाचे गीत सुरू झाले.

ते संपल्यावर काका म्हणाले, “वादळ खरे आहे. पुढचे मला पटले नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते आले, तेव्हा बाग आडवी झाली. मी काही गाणे म्हटले नाही. चार दिवस घरात कुणाशी बोललोसुद्धा नाही.”

कुणाला उत्तर सुचेना. मग बाईंनी हातातील पुस्तकातून एका पत्राची हकीकत सांगितली. १८०२ साली, बत्तीस वर्षांचा होण्यापूर्वीच, बीथोव्हनने हायलिगेनश्टाट या खेड्यातून आपल्या भावांना एक पत्र लिहिले, पण ते धाडलेच नाही. त्याच्या मृत्यूनंतर १८२७ साली ते कागदपत्रांत सापडले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दुरून बासरी ऐकू येते आणि मला नाही, मेंढपाळ गातो ते त्याला ऐकू येते आणि मला काहीच नाही, या अपमानाने जीवनाचा अंत करण्याच्या टोकाशी आपण पोचलो होतो, असे त्यात आहे. पुढे सहा वर्षांनी याच माणसाने सिंफनीचा शेवट मेंढपाळाच्या गाण्याने केला. त्या भागाच्या कच्च्या टिपणात ‘प्रभो, आम्ही तुझे आभार मानतो’ अशा अर्थाचे शब्द आहेत.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “हे रचताना त्याला ऐकू येत होते का?”

“थोडेफार,” बाई म्हणाल्या.

“सहा वर्षे लागली म्हणजे,” काका म्हणाले. “पुन्हा लावा. वादळापासून लावा.”