मोठ्या आचेची कुळकथा

अहिल्यानगरचे उपनगर असलेल्या केडगावात, पुण्याच्या रस्त्यालगत संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या चायनीजच्या गाडीवर कोबी, कांदा आणि कोंबडीचे तुकडे ज्या रीतीने कढईत उडवले जातात, त्या रीतीला चिनी पाकशास्त्रात ‘छाओ’ म्हणतात. छाओ म्हणजे बारीक चिरलेले जिन्नस पातळ लोखंडी कढईत, थोड्या तेलात, भडक आचेवर सतत हलवत काही मिनिटांत परतणे. सहाव्या शतकातील ‘छी-मिन याओ-शू’ या कृषिग्रंथात अंडी परतण्याची अशी कृती आढळते आणि पुढे सुंग काळात लोखंडी कढया व वनस्पती तेल यांच्याबरोबर ही रीत पसरत गेली.

या रीतीत गोमांसाला मात्र मान फार उशिरा मिळाला. बैल हा नांगराचा पशू असल्याने थांग राजवटीच्या ६५३ च्या संहितेत स्वतःच्या मालकीची गुरे मारणाऱ्यालाही शिक्षा होती, आणि चिनी स्वयंपाकघरात पुढे डुकराचे मांस हेच मुख्य मांस ठरले. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या मराठी शेतकऱ्याला यामागचा विचार समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात ही रीत कोलकाता आणि मुंबई या बंदरांतून आली. कोलकात्याच्या टांग्रा भागात हक्का या चिनी समाजाने चामडे कमावण्याच्या व्यवसायाबरोबर खाणावळीही उभ्या केल्या, तर मुंबईत माझगावला चिनी वस्तीने १९१९ मध्ये आपले मंदिर बांधले. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले-लसूण आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस व कॉर्नफ्लॉवर घालून कोंबडीचे मंच्युरियन केले, अशी हकिकत सर्वत्र सांगितली जाते. चीनमध्ये या नावाचा पदार्थ नाही, तरी त्याची आच व त्यात कॉर्नफ्लॉवर वापरण्याची रीत अस्सल चिनी आहे, आणि गाडीवर आलेले खरे धनही तेच.

गोमांसाचे म्हणाल तर, महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आणली व २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूपर्यंत वाढवली. म्हैस व रेडा तिच्या कक्षेबाहेर राहिले, म्हणून या राज्यात घरी गोमांसाचा छाओ पद्धतीचा पदार्थ करायचा तर तो म्हशीच्याच मांसाचा होतो. हे मांस गडद व जाड धाग्याचे असल्याने चिनी आचाऱ्यांची एक जुनी युक्ती येथे विशेष कामी येते: अर्धवट गोठवलेले मांस धाग्यांना आडवे छेद देत पातळ कापावे, अर्धा किलोस अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा चोळून अर्ध्या तासाने धुवावे आणि निथळून सोया सॉस, कॉर्नफ्लॉवर व थोडे तेल लावावे. सोड्याच्या क्षारतेमुळे मांसातील प्रथिने आचेवर घट्ट आवळत नाहीत, पाणी आत राहते आणि वातड होणारा तुकडा मऊ राहतो. कॉर्नफ्लॉवरचा थर रस धरून ठेवतो.

घरच्या गॅसची आच गाडीवरच्या बर्नरइतकी नसते आणि कढई भरली की मांसाला पाणी सुटून ते परतण्याऐवजी शिजते, म्हणून धूर येईपर्यंत तापलेल्या कढईत ते तीन भागांत विभागून परतावे व मिरची-लसूण शेवटी घालावी.