पिवळ्या ठिपक्याची गोष्ट

मागेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? बरं, मग सुरुवात करू.

पडद्यावर दिसतंय ते एका रक्तपेशीचं केंद्रक. त्यात एक लाल ठिपका आहे, एक हिरवा आणि एक पिवळा. या पिवळ्या ठिपक्यावरून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, ओळखता येतो. खूण सापडली १९६० साली आणि हा ठिपका दिसला १९९० साली. मधली तीस वर्षं कशात गेली, ते आज बघायचंय.

फिलाडेल्फियात पीटर नोवेल ल्युकेमियाच्या पेशी तपासत होते. त्यांनी त्या साध्या नळाच्या पाण्यानं धुतल्या. पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी होऊन पसरली. गुणसूत्रांचे जाणकार होते डेव्हिड हंगरफर्ड. दोघांनी मिळून पाहिलं, तर या आजारात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड होतं. पुढे त्याला शहराचंच नाव मिळालं, फिलाडेल्फिया गुणसूत्र. पण तुकडा हरवला, की दुसरीकडे गेला? ते काही कळेना.

उत्तर मिळालं १९७३ साली, शिकागोत. जॅनेट राऊली यांनी गुणसूत्रांना क्विनाक्रिन लावलं. हे मुळात मलेरियावरचं औषध, पण त्यानं गुणसूत्रांवर चकाकणारे पट्टे उमटतात. त्या फोटो घरी आणायच्या, एकेक गुणसूत्र कापायच्या आणि जेवणाच्या टेबलावर जोड्या लावायच्या. मुलं चेष्टा करायची, आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून! त्याच टेबलावर दिसलं की २२व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो ९व्याला जाऊन चिकटलाय. अदलाबदल झालीय. १९८०च्या दशकात त्या सांध्यावरचे जनुकही कळले. ९व्या गुणसूत्रावरचा एबीएल हा २२व्यावरच्या बीसीआरला जोडला जातो, आणि त्या जोडजनुकातून बनणारं प्रथिन पेशीला 'वाढत राहा' असा हुकूम सतत देत राहतं.

आता अडचण काय, ती बघा. गुणसूत्रं सुटी दिसतात ती पेशी विभागत असतानाच. म्हणजे रुग्णाची अस्थिमज्जा काढा, पेशी वाढवा, त्या विभागण्याची वाट बघा. त्या वाढल्याच नाहीत, तर? रुग्ण ताटकळत, आणि डॉक्टरही.

वाट दुसऱ्याच कामातून निघाली. डीएनएचे दोन धागे तापवले की सुटतात, आणि जुळणारा धागा मिळाला की पुन्हा जोडी जमते. १९६९ साली जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी किरणोत्सारी धागा वापरून बेडकाच्या अंडपेशींत जनुकाची जागा दाखवली. पण त्यात फोटोच्या लेपावर खुणा उमटेपर्यंत थांबावं लागे. १९८१ साली डेव्हिड वॉर्ड यांच्या गटानं डीएनएच्या घटकाला बायोटिन हे जीवनसत्त्व जोडलं. अंड्याच्या पांढऱ्या भागातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिनला घट्ट धरतं. त्या अ‍ॅव्हिडिनलाच चकाकणारा रंग लावला की झालं! किरणोत्साराची गरज उरली नाही. अशा खूण लावलेल्या डीएनएला प्रोब म्हणतात.

१९९० साली डॅन पिंकेल आणि जो ग्रे यांच्या गटानं दोन प्रोब एकदम वापरले. एबीएलला लाल, बीसीआरला हिरवा. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे. आजारी पेशीत एका ठिकाणी दोन्ही शेजारी येतात, आणि लाल उजेडावर हिरवा उजेड पडला की डोळ्याला पिवळा दिसतो. आणि मुख्य म्हणजे पेशी विभागायची वाट बघावी लागत नाही. शांत बसलेल्या पेशीतही उत्तर दिसतं.

पण थांबा. केंद्रक गोल असतं आणि आपण ते सपाट बघतो. निरोगी पेशीतही एखादा लाल ठिपका योगायोगानं हिरव्यावर दिसू शकतो. एका पिवळ्या ठिपक्यावर कुणाला कर्करोग आहे असं सांगायचं? नाही सांगता येत. म्हणून प्रयोगशाळा शेकडो केंद्रकं मोजते आणि आधी निरोगी नमुन्यांवरून आपली मर्यादा ठरवून घेते. पुढे असे प्रोब आले, जे तुटण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बसतात. त्यात आजारी पेशीत एकाऐवजी दोन पिवळे ठिपके दिसतात, त्यामुळे योगायोगाची फसगत खूपच कमी झाली.

२००१ साली अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. नेमकं त्या जोडप्रथिनालाच रोखणारं औषध. तिथून हा ठिपका नुसतं आजाराचं नाव सांगणारा राहिला नाही, औषध कोणतं द्यायचं तेही सांगू लागला.

जाता जाता एकच सांगतो. प्रोब फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बीसीआर-एबीएल विचारलंत, तर तेवढंच सांगेल. पेशीत दुसरीकडे काय मोडलंय, त्याबद्दल गप्प राहील. म्हणून राऊलीबाईंच्या टेबलावरचं ते काम, सगळी गुणसूत्रं मांडून बघण्याचं, प्रयोगशाळांनी अजून सोडलेलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.