कनेटिकट विद्यापीठ महिला बास्केटबॉल संघ
अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील स्टॉर्स येथील विद्यापीठाचा, ‘हस्कीज’ नावाने ओळखला जाणारा महिला बास्केटबॉल संघ (पहा : बास्केटबॉल). शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा 1972 मध्ये झाला. त्यानंतर 1974-75 च्या हंगामापासून हा संघ खेळू लागला. पहिल्या अकरा हंगामांत पराभवांपेक्षा विजय अधिक, असा हंगाम एकच होता. 1985 मध्ये जीनो ऑरिएमा मुख्य प्रशिक्षक झाले व क्रिस डेली त्यांच्या साहाय्यक झाल्या. हीच जोडी पुढे चार दशके टिकली.

या स्थैर्यातच संघाच्या यशाचे मुख्य कारण दिसते. 1995 मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या संघाला 70-64 असे हरवून संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 35-0 असा हंगाम अपराजित राखला. 2025 पर्यंत विजेतेपदे 12 झाली. 2014 ते 2017 या काळात संघाने सलग 111 सामने जिंकले. हे यश निवडक गुणवान खेळाडूंमुळेच आहे, असा आक्षेप घेता येतो. परंतु 1985-86 च्या हंगामात ऑरिएमांचा संघही 12 विजय व 15 पराभव असा मागे होता. नामांकित खेळाडूंचा ओघ नंतर सुरू झाला. 2016 नंतर नऊ वर्षे विजेतेपद मिळाले नाही, म्हणजे स्थैर्य विजयाची हमी देत नाही. पण खेळाडूंच्या पिढ्या बदलूनही संघ स्पर्धेत टिकला. नोव्हेंबर 2024 मध्ये 1,217 व्या विजयासह ऑरिएमा महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सर्वाधिक विजयांचे प्रशिक्षक ठरले.