वारणा परिसरातील संगणक आणि शालेय प्रोग्रामिंगचे शिक्षण : एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

शालेय विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग शिकवावे काय, आणि शिकवावयाचे झाल्यास कोणत्या भाषेतून, हा प्रश्न राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पुन्हा चर्चेत आला आहे. या धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून कोडिंगशी निगडित उपक्रमांची शिफारस केली. तेव्हापासून 'पायथन' हे नाव शाळा-महाविद्यालयांतून वारंवार ऐकू येते. तथापि या चर्चेत दोन गोष्टी सहसा निसटतात. शालेय प्रोग्रामिंगचा प्रयोग आपल्या देशात १९८४ पासून सुरू आहे, ही पहिली. दुसरी अशी की, ग्रामीण महाराष्ट्रात संगणक कोणत्या हेतूने आला, याचा अत्यंत बोलका इतिहास वारणानगरने घडविला आहे. प्रस्तुत लेखात हे दोन इतिहास एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. संगणक ग्रामीण विद्यार्थ्याच्या जसजसा जवळ येत गेला, तसतशी प्रोग्राम लिहिण्याची विद्या त्याच्यापासून दूर होत गेली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. पायथनच्या अध्यापनाचे मोल ठरवावयाचे असल्यास ते याच कसोटीवर ठरवावे लागेल.

वारणा : सहकारापासून 'वायर्ड व्हिलेज'पर्यंत

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगर ही सहकारातून उभी राहिलेली वसाहत होय. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखान्याची उभारणी झाली. त्यापाठोपाठ १९६४ मध्ये महाविद्यालय, १९६८ मध्ये दूध संघ आणि १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ऊस, दूध आणि शिक्षण अशा तिन्ही अंगांनी एका संस्थासमूहाशी जोडलेला असा ग्रामीण परिसर महाराष्ट्रातही विरळाच.

याच कारणामुळे १९९८ मध्ये पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या शिफारशीनंतर 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पासाठी वारणा परिसराची निवड झाली. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील, वारणा नदीच्या दोन्ही काठांवरील सुमारे ७० गावे या प्रकल्पात समाविष्ट होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक अंमलबजावणी केली. खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने आणि उर्वरित १० टक्के स्थानिक संस्थेने उचलला. गावोगावी संगणक केंद्रे स्थापन झाली. पीकपद्धती, बाजारभाव, शासकीय योजना, शिक्षण अशी विविध माहिती गावातच आणि मराठीतून मिळावी, अशी मूळ कल्पना होती.

प्रत्यक्षात या केंद्रांचा सर्वाधिक उपयोग उसाच्या व्यवहारासाठी झाला. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, काट्यावरील वजन, खतांची उचल आणि बिलाची रक्कम ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. तोपर्यंत यासाठी कारखान्यापर्यंत हेलपाटे घालावे लागत. या सोयीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. आपल्या उसाचे वजन आपल्याला वेळेवर कळणे, हा सभासदाच्या दृष्टीने हक्काचाच विषय आहे.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. गावातील संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशाद्वारे तीच माहिती देण्याची व्यवस्था त्यांनी उभारली. ती अधिक स्वस्त, अधिक सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडणारी ठरली. म्हणजेच गावातील संगणक हा माहितीच्या वहनाचे साधन म्हणूनच वापरला जात होता. अधिक सुटसुटीत साधन मिळताच तो अनावश्यक ठरू शकला. त्या संगणकावर गावातील विद्यार्थ्याने स्वतः काही रचले असते, तर लघुसंदेशाला त्याची जागा घेता आली नसती.

शाळेतील संगणक : 'बेसिक'कडून 'माऊस'कडे

वारणेत संगणक केंद्रे येण्यापूर्वी सुमारे चौदा वर्षे भारतीय शाळांत संगणक पोहोचला होता. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा संगणक साक्षरता प्रकल्प निवडक शाळांतून सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' हे संगणक वापरण्यात आले. या यंत्राचे एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे आहे. ते सुरू करताच पडद्यावर 'बेसिक' या भाषेची आज्ञा स्वीकारणारे चिन्ह उमटे. विद्यार्थ्याने काही लिहिल्याशिवाय यंत्र काहीच करीत नसे. संगणक वापरणे आणि संगणकाला आज्ञा लिहिणे यांत त्यावेळी फारसे अंतर नव्हते.

'बेसिक' ही भाषाच मुळी या हेतूने घडविलेली होती. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये ती विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रोग्राम लिहिता यावा म्हणून तयार केली. १९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग, सिमोर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा निर्माण केली. मुलाने यंत्राकडून शिकावे, यापेक्षा मुलानेच यंत्राला शिकवावे, ही पॅपर्ट यांची भूमिका होती.

'क्लास' प्रकल्पाला मर्यादा होत्या. शाळेमागे मोजकेच संगणक होते, विषय परीक्षेच्या चौकटीबाहेर होता आणि शिक्षकांचे प्रशिक्षण अल्पकालीन होते. १९९३ मध्ये प्रकल्पाचे स्वरूप बदलले आणि वैयक्तिक संगणक शाळांत येऊ लागले. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची शालेय माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान योजना सुरू झाली. नवी यंत्रे अधिक समर्थ होती. परंतु ती सुरू होताच चित्रांची यादी समोर येत असे. तयार साधनातून निवड करणे हेच आता संगणक येणे समजले जाऊ लागले. पत्र टंकणे, तक्ता भरणे, सादरीकरण करणे हा अभ्यासक्रमाचा गाभा बनला.

महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता तालुक्याच्या आणि खेड्याच्या पातळीवर नेली, हे मोठेच कार्य होय. मात्र त्याचे उद्दिष्ट साक्षरता हे होते, प्रोग्राम-रचना हे नव्हते. प्रोग्रामिंगचे पद्धतशीर शिक्षण बारावी विज्ञान शाखेच्या 'संगणकशास्त्र' या द्विलक्ष्यी विषयापुरते राहिले. तेथे दीर्घकाळ सी प्लस प्लस आणि ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक शिकविला गेला. हा विषय घेणारे विद्यार्थी आणि तो उपलब्ध असणारी कनिष्ठ महाविद्यालये यांची संख्या स्वभावतःच मर्यादित होती. दहावीपर्यंतचा विद्यार्थी या विद्येच्या बाहेरच राहिला.

पायथनचा उदय व शालेय अध्यापन

पायथन ही अनेकांना आजची भाषा वाटते. वस्तुतः ती 'वायर्ड व्हिलेज'हून जुनी आहे. ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस तिची रचना सुरू केली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती प्रथम प्रसृत झाली. याच संस्थेत तयार झालेल्या 'एबीसी' या शिक्षणोपयोगी भाषेचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. ओळी समासापासून आत सरकवून त्यांचा गट दाखविण्याची पायथनची सुपरिचित पद्धत 'एबीसी'कडूनच आली आहे.

१९९९ मध्ये व्हान रॉसम यांनी 'सर्वांसाठी संगणक प्रोग्रामिंग' या आशयाचा प्रस्ताव मांडला. लेखन-वाचन जसे सार्वत्रिक झाले तसे प्रोग्रामिंगही व्हावे आणि त्याचा प्रारंभ शाळेतून व्हावा, अशी त्यामागची दृष्टी होती. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन यंत्रणेकडून मिळालेले अर्थसाहाय्य अल्पकाळ टिकले. तथापि नवशिक्यांसाठीच्या 'आयडल' या लेखन-साधनाच्या विकासाला त्यातून चालना मिळाली.

याच सुमारास व्हर्जिनिया राज्यातील यॉर्कटाउन हायस्कूलमधील शिक्षक जेफ्री एल्कनर यांनी पायथनचा प्रत्यक्ष वर्गात अवलंब केला. अमेरिकेतील प्रगत पातळीच्या परीक्षेत पास्कल जाऊन सी प्लस प्लस आले होते आणि ही भाषा नवशिक्या विद्यार्थ्यांना जड जात होती. पडद्यावर एक वाक्य उमटविण्यासाठीसुद्धा अर्थ न कळणाऱ्या अनेक ओळी आधी लिहाव्या लागत. पायथनमध्ये त्यासाठी एकच ओळ पुरे होती. ॲलन डाउनी यांनी जावा भाषेसाठी लिहिलेले मुक्त परवान्याचे पाठ्यपुस्तक एल्कनर यांनी पायथनमध्ये आणले आणि ते पुढे जगभर वापरले गेले. शालेय शिक्षकाने पाठ्यपुस्तक स्वतः घडवावे, हे मुक्त परवान्यामुळेच शक्य झाले.

भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१० च्या दशकात उच्च माध्यमिक स्तरावर पायथनला स्थान दिले आणि त्या दशकाच्या अखेरीस सी प्लस प्लसची जागा पायथनने घेतली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त संगणक-प्रणालींचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध केले. साधनांची उणीव हा अडसर आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही.

मराठी माध्यमातील विद्यार्थी आणि पायथन

भाषेचा अडसर मात्र विचारात घ्यावा लागतो. पायथनचे मूळ शब्द इंग्रजी असले, तरी त्यामागील रचना मराठी विद्यार्थ्याला अपरिचित नाही. 'जर–तर–नाहीतर' आणि 'जोपर्यंत–तोपर्यंत' या जोड्या तो लहानपणापासून बोलतो. निर्णय आणि पुनरावृत्ती या प्रोग्रामिंगच्या दोन मूलभूत रचना त्याच आहेत. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून चलांना देवनागरी नावे देता येतात. 'वजन', 'दर', 'कपात' ही नावे प्रोग्राममध्ये जशीच्या तशी चालतात. विद्यार्थ्याने 'पंचेचाळीस' ही संख्या देवनागरी अंकांत टंकली, तरी पूर्णांकात रूपांतर करणारी आज्ञा ती अचूक स्वीकारते. मात्र प्रोग्रामच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिल्यास चूक दाखविली जाते. हा फरक आरंभीच सांगणे इष्ट होय.

नवशिक्यांच्या ठरावीक अडचणीही शिक्षकाला ठाऊक असाव्यात. बीजगणितात 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' हे समीकरण अशक्य असते. प्रोग्राममध्ये ती जुन्या किमतीत एक मिळवून पुन्हा साठविण्याची आज्ञा असते. नुकतेच बीजगणित शिकलेल्या नववीच्या विद्यार्थ्याचा येथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. कळफलकावरून आलेली संख्या आधी मजकूर मानली जाते. त्यामुळे बारा आणि पाच यांची बेरीज सतरा न येता एकशे पंचवीस असे अंक जोडून येतात. अशा चुका दडवू नयेत. त्यांवरच पाठ उभारावा.

पहिला प्रोग्राम : उसाचे बिल

वारणा परिसरातील विद्यार्थ्यासाठी पहिला अर्थपूर्ण प्रोग्राम कोणता असावा? घरात आलेले उसाचे बिल, हे त्याचे उत्तर होय. प्रत्येक खेपेचे वजन मिळवून एकूण टनेज काढावयाचे, त्याला दराने गुणावयाचे, खताची उचल व अन्य कपाती वजा करावयाच्या आणि देय रक्कम दाखवावयाची. यात चल, पुनरावृत्ती, यादी आणि निर्णय हे चारही घटक येतात. प्रोग्राम वीस ओळींच्या आत बसतो. उत्तर बरोबर आले किंवा नाही, हे घरातील पावतीशी ताडून पाहता येते. दुधाच्या बिलासही हीच रीत लागू पडते. तेथे स्निग्धांशानुसार दर बदलत असल्याने 'जर–तर' अधिक स्पष्ट होते.

हे उदाहरण केवळ सोयीचे नाही, त्यामागे सहकाराचे तत्त्व आहे. सहकारी संस्थेचा सभासद हा तिचा मालक मानला जातो. गावातील संगणक केंद्राने आणि नंतर लघुसंदेशाने त्याला आकडा दाखविला. परंतु तो आकडा कोणत्या नियमाने आला, हे संगणकात दडलेलेच राहिले. पूर्वी खतावणी वाचता येणारा सभासद हिशेबाला प्रश्न विचारू शकत असे. आज हिशेबाचा नियम प्रोग्राममध्ये आहे. तो वाचता येणारी पिढी तयार झाली नाही, तर आकडे भराभर मिळतील, पण प्रश्न विचारणारे उरणार नाहीत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, यंत्र पोहोचविणे म्हणजे विद्या पोहोचविणे नव्हे. 'क्लास' आणि 'वायर्ड व्हिलेज' या दोहोंचा हा समान धडा आहे. दुसरी, भाषा सोपी असल्याने शिकविण्याचे काम आपोआप होत नाही. 'बेसिक'ही सोपीच होती. तिला वेळापत्रकात स्थान आणि सातत्याने प्रशिक्षित होणारा शिक्षक लाभला नाही. पायथनच्या वाट्यालाही तेच येऊ शकते. तिसरी, ग्रामीण विद्यार्थ्याला देण्याचे उदाहरण त्याच्या परिसरातच उपलब्ध आहे.

या कामी महाविद्यालयांवर विशेष जबाबदारी येते. वारणानगरसारख्या ठिकाणी शाळा, महाविद्यालय, अभियांत्रिकी संस्था आणि सहकारी संस्था एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास जवळच्या माध्यमिक शाळेत शिकवावे, प्राध्यापकांनी मराठीतून लहान पाठपुस्तिका तयार करून मुक्त परवान्याने प्रसिद्ध करावी आणि सहकारी संस्थांनी आपल्या हिशेबाचे नियम विद्यार्थ्यांसमोर मांडावेत, एवढे झाले तरी आरंभ होऊ शकतो. १९९८ मध्ये वारणेने संगणक गावात आणण्याचा मान मिळविला. त्या संगणकाला आज्ञा लिहिणारा विद्यार्थी त्याच गावात घडविणे, हे अपुरे राहिलेले काम आता हाती घ्यावयास हवे.