डास, डीडीटी आणि लिंपलेल्या भिंती

ऑफिसमधले जे लोक स्वीडन-फिनलंडला ऑनसाइट जाऊन आलेत, त्यांना तिथल्या उन्हाळ्याबद्दल एकदा विचारून बघा. तळी, जंगलं, रात्री अकरालाही उजेड वगैरे सगळं सांगून झालं की हळूच म्हणतात, "पण डास फार रे!" बर्फ वितळून जागोजाग पाणी साचतं आणि जून-जुलैत डासांचे थवे उठतात.

आमच्या नंदुरबारकडे उलटं आहे. एप्रिल-मेच्या रखरखाटात नाले आटतात आणि डासही कमी होतात. खरा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो तो थेट दिवाळीपर्यंत. आणि इथे प्रश्न नुसत्या खाजेचा नव्हता, हिवतापाचा होता. इंग्रजांनी १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्येही हा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग तापाचा म्हणूनच नोंदलेला आहे.

माझं आजोळ धानोरा. तिथल्या जुन्या मंडळींचे उपाय मोजकेच. संध्याकाळी गोठ्यात गोवरी पेटवायची, वर कडुनिंबाचा ओला पाला टाकून धूर करायचा आणि रात्री डोक्यावरून गोधडी ओढायची. हे सगळं डास चावू नये म्हणून. ताप डासामुळेच येतो हे पूर्वी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाने स्वतःला डास चावून घेतले होते, एका डासामागे एक आणा या दराने. १९०२ साली रॉसला नोबेल मिळालं. हुसेन खानच्या वाट्याला आणेच आले!

पुढे डीडीटी आलं. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६च्या सुमारास मुंबई प्रांतात, कारवार-धारवाडकडच्या खेड्यांमध्ये, घराघरांतून ते फवारून दाखवलं आणि हिवताप झपाट्याने उतरला. १९५३ साली देशभर मोहीम सुरू झाली. तेव्हा भारतात वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखभरावर आला. साडेसात कोटींवरून एक लाख! इतकं मोठं यश आपल्याकडे फार कमी सरकारी योजनांना मिळालंय.

पण १९७६ साली आकडा परत ६४ लाखांवर गेला. असं का झालं? कारणं बरीच आहेत. डासांना डीडीटी पचायला लागलं, कापसावरही तेच मारलं जात होतं (शेतीतल्या वापरावर बंदी यायला १९८९ उजाडलं), पुरवठा कमी पडला, तपासणी ढिली झाली. मला मात्र त्यातलं एक कारण फार महत्त्वाचं वाटतं.

डीडीटी काम कसं करतं ते बघा. रक्त पिऊन जड झालेला डास जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीवर औषध असेल तर मरतो. म्हणजे सगळा भरवसा भिंतीवर. आता आपली घरं आठवा. मातीच्या भिंती. माती मुळातच औषध शोषून घेते. त्यात पोळा, नवरात्र, दिवाळी आली की बायका शेणामातीने भिंती लिंपून काढणार. सण नेमके डासांच्या हंगामातले! फवारलेलं औषध नव्या थराखाली गाडलं गेलं. शिवाय उकाडा असला की बाज अंगणात आणि पीक उभं असलं की राखणीला मुक्काम शेतातल्या माळ्यावर. तिथे भिंतच नाही.

फवारणीवाले दारावर तारीख लिहून जात. कागदावर घर 'झालं'. पुढे ताप आला की ठपका लोकांवर: सहकार्य करत नाहीत, अडाणी आहेत. मला हे ऐकून आमचं सॉफ्टवेअरच आठवतं. प्रोग्रॅम बसला की आम्हीही म्हणतो, युजरने चुकीचा वापरला. अहो, पण ज्या बाईने वर्षानुवर्षं घर असंच लख्ख ठेवलं तिने सणाला भिंत लिंपली, यात तिचं काय चुकलं? फवारणीची तारीख ठरवताना तिला कुणी विचारलं होतं का?

गंमत म्हणजे स्वीडन-फिनलंडमध्येही एकेकाळी मलेरिया होता. तिथे तो बराचसा डीडीटीच्या आधीच ओसरला. घरं सुधारली, दलदली आटवल्या, राहणी बदलली. डास मात्र अजून आहेत, म्हणून तर आमचे मित्र वैतागतात.

आपल्याकडे १९७७ पासून धोरण बदललं आणि 'निर्मूलना'ऐवजी 'नियंत्रणा'ची भाषा आली. आता २०३० पर्यंत मलेरिया संपवायचं लक्ष्य पुन्हा ठेवलंय. औषध मुरवलेल्या मच्छरदाण्याही २००९ पासून वाटल्या जाऊ लागल्या. त्यातली मला आवडलेली गोष्ट साधी आहे. चार काठ्या बांधल्या की ती बाजेबरोबर अंगणात जाते, शेतातही जाते. माणूस झोपतो तिथे औषध पोचतं. हे लक्षात यायला एवढी वर्षं लागायला नको होती.